मामांची पतसंस्था, रूममेटचं ॲप आणि बाबांची ग्रामीण बँक

वाचकाचं पत्र:

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. यंदा छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, होस्टेलही मिळालं. आई-बाबा ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या आसपास गेले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, घरी नसतात. माझं खातं आठवीत असताना शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं आहे, ग्रामीण बँकेत, तालुक्याच्या गावी. त्याला बाबांचा मोबाईल नंबर आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाईलच्या दुकानात सिम घेताना अजून एक खातं निघालं होतं, ते मी कधी वापरलं नाही.

इथं जो तो वेगळं सांगतो. बाबा म्हणतात, आहे ते खातं राहू दे. रूममेट म्हणते, प्रायव्हेट बँकेचं ॲप घे, पाच मिनिटांत खातं आणि वर कॅशबॅक. मामा एका मल्टिस्टेट पतसंस्थेचे पिग्मी एजंट आहेत, म्हणजे रोजची बचत दारोदार जाऊन गोळा करतात, ते म्हणतात बारा टक्के व्याज आणि मॅनेजर आपला माणूस. वर्गातली बरीच मुलं विद्यापीठाच्या आवारातल्या सरकारी बँकेत खातं काढतात, पण तिथं रांग फार असते. मागच्या वर्षीची शिष्यवृत्ती पोर्टलवर जमा दाखवते, माझ्या खात्यात मात्र आलेली नाही. तर कोणती बँक चांगली?

आणि अजून एक. मेसमध्ये एक सीनियर म्हणतो, नवीन खातं काढून एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर त्याच्याकडं दिलं तर तीन हजार मिळतील. काही जणांनी दिलंय. यात अडचण नाही ना?

उत्तर:

पोरी, सगळ्यात जड गोष्ट तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीस. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. त्या सीनियरला काही म्हणजे काही द्यायचं नाही. कार्ड नाही, सिम नाही, पासबुकाचा फोटोसुद्धा नाही.

तो तुझ्या खात्याचं काय करणार ते नीट समजून घे. कुठंतरी एखाद्या निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं धमकावून, नाहीतर शेअर बाजारात दुप्पट करून देतो म्हणून, आयुष्याची पुंजी काढून घेतली जाते. ते पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. आधी ते तुझ्यासारख्या लेकरांच्या खात्यात येतात, तिथून काही मिनिटांत पुढच्या चार खात्यांत फुटतात आणि कुठल्यातरी एटीएममधून निघून जातात. मास्तरांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की पोलिसांना पहिल्यांदा दिसतं तुझं नाव, तुझं आधार, तुझं पॅन. चोर दिसतच नाही, आणि तो दिसू नये म्हणूनच तुला तीन हजार द्यायचे असतात. नोटीस बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातून येते. खातं गोठतं. तोवर त्यात शिष्यवृत्ती पडली असेल तर तीही अडकते. 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही, कारण पैसे घेऊन कार्ड आणि सिम तू स्वतःच्या हाताने दिलेलं असतं. पुढं सरकारी नोकरी लागली की चारित्र्य पडताळणीत हेच प्रकरण पुन्हा वर येतं. आपल्या भागातली निम्मी पोरं स्पर्धा परीक्षेच्या मागे आहेत, त्यांना तर हे सांगायलाच नको.

ज्यांनी आधीच दिलंय त्यांना निरोप दे: आजच शाखेत जा, कार्ड बंद करा, नंबर बदला, खात्याचा उतारा काढा. उताऱ्यात अनोळखी रकमा दिसल्या तर दडवून ठेवू नका, स्वतः सायबर पोलिसांकडं जा. पोलीस दारात येण्याआधी गेलेलं फार फरकाचं असतं.

आता बँकेचं.

मी नोकरीभर बँकेच्या काउंटरवर बसले. 'कोणती बँक चांगली' हा प्रश्न जून-जुलैत प्रवेशाच्या दिवसांत रोज ऐकला. खरं सांगायचं तर पगारदार माणसाला या प्रश्नाची फारशी गरज नसते, कंपनी सांगेल तिथं तो खातं काढतो. विद्यार्थ्यालाच निवड करावी लागते, आणि तो बघतो भलतंच. ॲप कसं दिसतं, कार्ड कोणत्या रंगाचं, व्याज किती. माझ्या मते आधी एवढंच बघावं की तुझा पैसा येतो कुठून आणि तो वाटेत अडकला तर तुला कोणाच्या टेबलापुढं जाऊन उभं राहता येईल. बाकीचं त्यानंतर.

तुझा पैसा तीन वाटांनी येतो, असं पत्रावरून दिसतं. पहिली शिष्यवृत्ती, आणि वसतिगृह मिळालं नसतं तर स्वाधार किंवा तत्सम योजनेचे हप्ते. दुसरी आई-बाबांची उचल, म्हणजे हंगामाच्या तोंडावर एकदम येणारी रक्कम. तिसरी अजून नाही, पण 'कमवा आणि शिका'त नाव घातलंस तर त्याचं मानधन. यातली पहिली वाट सगळ्यात अवघड, म्हणून तिथं जरा थांबते.

महाडीबीटीवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, येणारा पैसा तू अर्जात कोणत्या बँकेचं नाव लिहिलंस ते बघून येत नाही. तो आधार क्रमांकावर येतो. तुझ्या आधारपुढं कोणती बँक लिहिलेली आहे याची एक नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेकडे असते, तिला मॅपर म्हणतात. पोस्टमन त्याच्या वहीत जो पत्ता असेल तिथंच पाकीट टाकणार, तू मध्ये कितीही घरं बदल. आणि या वहीत एका आधारपुढं एका वेळी एकच बँक राहते. शेवटी जिनं नोंद केली, ती.

आता तुझं सिमच्या दुकानातलं खातं आठव. दुकानदाराने अंगठा घेतला, टॅबवर चार ठिकाणी 'होय' दाबलं, आणि त्यातलं एक 'होय' बहुधा सरकारी अनुदान या खात्यात घेण्यासाठी होतं. हे नवं नाही. २०१७ मध्ये एअरटेल पेमेंट्स बँकेत असंच झालं होतं. लोकांच्या नकळत खाती निघाली, गॅसची सबसिडी तिकडं वळली, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात आधार प्राधिकरणाने कंपनीची आधार-केवायसीची, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याची, परवानगी काही काळ थांबवली. तेव्हापासून संमती घेण्याचे नियम कडक झाले, पण दुकानाच्या काउंटरवर घाईत काय वाचलं जातं हे आपल्याला माहीत आहे. माझा अंदाज असा की तुझी शिष्यवृत्ती बुडालेली नाही. ती त्या खात्यात निवांत पडून असावी.

खात्री करणं सोपं आहे. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघ. तिथं बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी आधारला लागलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तोही बाबांचाच नंबर असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तिथं तुझा नंबर घालून घे. हा नंबराचा घोळ मी इतक्या मुलींच्या बाबतीत पाहिलाय की त्यावर वेगळं सदर लिहिता येईल. खातं मुलीचं, नंबर बापाचा, बाप कर्नाटकात उसाच्या फडात, तिथं रेंज नाही, आणि मुलगी इकडं काउंटरवर 'साहेब, ओटीपी येतच नाही' म्हणत उभी. काही पोरी भावाचा नंबर देतात. भावाचं लग्न होतं, सिम बदलतं, प्रीपेड नंबर रिचार्जविना बंद पडून दुसऱ्या कोणाला जातो, आणि मग त्या अनोळखी माणसाच्या फोनवर तुझ्या खात्याचे मेसेज. तेव्हा बँक कोणतीही घे, नंबर तुझ्या नावावरचा आणि कायम चालू राहणारा हवा.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरवरच्या कारकुनालाही कधी कधी समजावून सांगावी लागते. 'आधार लिंक आहे' आणि 'आधार डीबीटीला (सरकारी पैसा थेट खात्यात येण्याला) मॅप आहे' या दोन वेगळ्या गोष्टी. खातं काढताना आधार दिलं म्हणजे केवायसी झाली, बँकेच्या संगणकात तुझं आधार आलं. सरकारी पैसा त्या खात्यात वळवायला वेगळा संमतीचा फॉर्म लागतो, त्यावर तुझी सही लागते, आणि त्यानंतर नोंद एनपीसीआयकडे जाते. तू शाखेत जाऊन 'आधार लिंक करायचंय' म्हणालीस तर ते बघून 'आहे की लिंक' म्हणून तुला परत पाठवतील, आणि ते खोटं बोलत नसतील. 'डीबीटीसाठी मॅपिंग करायचंय' असं म्हण. फॉर्मच्या प्रतीवर शिक्का घे.

एकदा मॅपिंग झालं की एम.एस्सी.ची दोन वर्षं त्याला हात लावायचा नाही. हप्ता मंजूर झालेला असताना मध्येच बँक बदलणं म्हणजे पैसा कुठं जाईल याचा जुगार. नवं ॲप, नवं वॉलेट, नवं सिम घेताना जिथं 'डीबीटी', 'सबसिडी' किंवा 'लाभ या खात्यात' असं दिसेल तिथं 'नाही'. आणि शिष्यवृत्तीत कॉलेजच्या फीचा वाटा तुझ्याच खात्यात आला तर तो आपला समजून खर्चू नकोस. तो लगेच कॉलेजला भरायचा असतो, नाहीतर गुणपत्रिका अडते.

आता तुझे चार सल्लागार.

मामांपासून सुरू करते, कारण तिथं उत्तर छोटं आहे. पतसंस्था ही बँक नाही. ती राज्याच्या सहकार कायद्याखाली असो की मल्टिस्टेट म्हणून केंद्राच्या निबंधकाकडं नोंदलेली, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज धरून प्रत्येक ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी तो एक लाखच होता. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. तिच्या खात्यात शिष्यवृत्तीही येणार नाही. बीड आणि संभाजीनगरात गेल्या काही वर्षांत पतसंस्थांच्या आणि मल्टिस्टेटांच्या बंद शटरपुढं ठेवीदारांनी किती चकरा मारल्या हे तुला मी सांगायला नको, तुझ्याच गावात कोणीतरी असेल. प्रत्येक शाखेचा मॅनेजर कोणाचा ना कोणाचा आपला माणूस होताच. सगळ्याच संस्था वाईट नसतात, काही वर्षानुवर्षं नेटक्या चालल्या आहेत, पण त्यातली कोणती कशी आहे हे बाहेरून ओळखणं तुझ्या-माझ्या हातात नाही, आणि पिग्मी एजंटच्याही नाही. बिचाऱ्या मामांना टार्गेट असतं. त्यांचं मन दिवाळीला जेवायला जाऊन राख.

नागरी सहकारी बँक मात्र वेगळी. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि विमाही. जिल्हा मध्यवर्ती बँकेलाही विमा आहे, पण मराठवाड्यातल्या सगळ्या जिल्हा बँकांची तब्येत सारखी नाही. बाबांचं पीककर्ज तिथं असेल तर असू दे, तुझी शिष्यवृत्ती नको.

रूममेट चुकीचं सांगत नाही, अर्धंच सांगते. प्रायव्हेट बँकेचं ॲप गुळगुळीत चालतं, खातं खरंच पाच मिनिटांत निघतं. पण फोनवर नुसत्या आधार ओटीपीने निघालेलं खातं अर्धवट असतं. त्यात एका वेळी एक लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात दोन लाखांपेक्षा जास्त जमा होत नाही, आणि वर्षाच्या आत व्हिडिओवर किंवा शाखेत पूर्ण केवायसी केली नाही तर ते थांबतं. दुसरं म्हणजे किमान शिल्लक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरातल्या नव्या खात्यांसाठी महिन्याची सरासरी शिल्लक पन्नास हजार केली, ओरड झाल्यावर ती पंधरा हजारांवर आणली. पंधरा हजार म्हणजे तुझी काही महिन्यांची मेस. त्याच सुमारास कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांसारख्या सरकारी बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड काढून टाकला. स्टेट बँकेने तो २०२० मध्येच काढला होता. दंडापायी खातं उणे होऊ द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण आहे ती शिल्लक शून्यापर्यंत खाली न्यायला तो आड येत नाही. म्हणजे विसरलेल्या खात्यात पडलेला शिष्यवृत्तीचा हप्ता हळूहळू झिजू शकतो. झीरो बॅलन्स म्हणतात तेव्हा ते कायमचं की काही महिन्यांपुरतं, कार्डाची वार्षिक फी किती, हे विचार. कॅशबॅकमध्ये तुझ्या दोन चहांचे पैसे निघतील.

बाबांचं ऐकून मला बरं वाटलं. ग्रामीण बँक म्हटलं की शहरात आलेली पोरं नाक मुरडतात, जणू ती तात्पुरती सोय. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि बँक ऑफ महाराष्ट्र हे तिचे मालक आहेत, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि ठेवीचा विमा तिलाही लागू. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र गोदावरी ग्रामीण बँक मिळून २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. १ मे २०२५ पासून विदर्भ-कोकणची ग्रामीण बँकही तिच्यात आली, आणि तिचं मुख्य कार्यालय तू राहतेस त्याच शहरात आहे. म्हणजे तुझं खातं तालुक्याच्या शाखेतून संभाजीनगरच्या एखाद्या शाखेत हलवून घेता येतं, हे तुला कोणी सांगितलं नसणार. अर्ज द्यायचा, एवढंच. आई-बाबा गावाकडं असतील तेव्हा तिथल्या शाखेत भरणा करतील, तू इथं काढशील.

अडचण खात्याची आहे, बँकेची नाही. आठवीतलं खातं म्हणजे अज्ञान व्यक्तीचं खातं. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी आणि नव्या सहीचा नमुना द्यावा लागतो, तो तू दिलेला दिसत नाही. शिवाय त्या काळी शाळेत शिबिर लावून काढलेली कित्येक खाती पुऱ्या कागदपत्रांविना 'स्मॉल अकाउंट' म्हणून निघाली. त्यात पन्नास हजारांवर शिल्लक राहू शकत नाही (सरकारी लाभाच्या रकमेला नियमाने ही शिल्लकेची मर्यादा नाही), वर्षाला एक लाखावर जमा होत नाही, महिन्याला दहा हजारांवर काढता येत नाही. जमेची मर्यादा ओलांडली की हप्ता परत फिरू शकतो आणि पोर्टल सांगतं 'फेल'. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन जा, खातं सज्ञान करून घे, नंबर बदल, वारस लाव. पॅन नसेल तर आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आधारवरून फुकट ई-पॅन मिळतं, सेतू केंद्रात पैसे मोजू नकोस.

आणि आवारातली बँक. माझा कौल तिकडं आहे, तुझ्यासाठी तरी. कारण एकच, तिथं तुला चालत जाता येतं. हप्ता अडकला, कार्ड मशीनमध्ये राहिलं, पाठवलेले पैसे कापले गेले आणि पोचले नाहीत, असं काही झालं की दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तू काउंटरपुढं उभी राहू शकतेस. ॲपवरच्या चॅटमध्ये 'तुमची तक्रार नोंदवली आहे' वाचत बसण्यापेक्षा ते बरं. विद्यापीठातल्या शाखेला बोनाफाइड काय, महाडीबीटी काय, हप्ता का परत गेला, हे रोजचंच असतं. रांग आहे हे मान्य, पण ती प्रवेशाच्या आणि परीक्षा फीच्या दिवसांतली. महिन्याचे पहिले दहा दिवस टाळ, सोमवार टाळ, दुसरा-चौथा शनिवार बंद असतो हे ध्यानात ठेव, आणि दुपारच्या जेवणानंतरच्या तासात जा.

खातं काढण्याआधी मात्र अर्धा तास नुसती त्या शाखेत बसून बघ. पासबुक छापायचं मशीन चालू आहे का? कोणी आजीबाई विड्रॉल स्लिप घेऊन आल्या तर त्यांच्याशी कसं बोलतात? मग जाऊन विचार, 'सर, डीबीटी मॅपिंगला किती दिवस लागतात?' नीट उत्तर मिळालं तर फॉर्म घे. 'नेटवर्क नाही, उद्या या' एवढंच आलं तर थोडं लांब असलेली दुसरी सरकारी बँक बघायला हरकत नाही. दोन सरकारी बँकांमधल्या फरकापेक्षा दोन शाखांमधला फरक मोठा असतो.

फॉर्म भरताना 'बेसिक बचत खातं' माग. विद्यार्थी म्हणून वेगळी योजना असेल तर तिच्या अटी वाच, पण बेसिक खात्याला किमान शिल्लक नाही आणि रुपे कार्डाची फी नाही, हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं आहे. महिन्याला किमान चार वेळा पैसे फुकट काढता येतात, त्यापुढं बँकेप्रमाणे शुल्क लागू शकतं. हे खातं असताना त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, तुला ते नकोच आहे. आधारवर गावाचा पत्ता असला तरी चालतं, होस्टेलचा सध्याचा पत्ता स्वतःच्या सहीने लिहून देता येतो. भाडेकरार आणा म्हणून कोणी अडवलं तर शाखाधिकाऱ्यांकडं जा.

व्याजाचं काय, असं मामा विचारतील. मोठ्या सरकारी बँका सध्या बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास देतात. वर्षभर सरासरी वीस हजार शिल्लक राहिली, जे विद्यार्थ्याच्या बाबतीत अवघडच, तर पाचशे रुपये होतील. दुसरीकडं तीन टक्के असतील तर सहाशे. शंभराचा फरक. एटीएममधून फुकट पैसे काढण्याच्या वेळा संपल्या की त्यापुढं प्रत्येक वेळी तेवीस रुपयांपर्यंत आणि त्यावर जीएसटी कापता येतो, पाच-सहा वेळा शंभर-शंभर काढलेस की तो फरक गेला. साध्या बचत खात्यांना दुसऱ्या बँकांच्या एटीएमवर सहा महानगरांत महिन्याला तीनच वेळा फुकट, बाकी सगळीकडं पाच. त्या सहांत मुंबई आहे, पुणे नाही. पुढंमागं तयारीला पुण्यात गेलीस तर कामाला येईल.

मग व्यवहार कसा ठेवायचा? आवारातल्या खात्यात शिष्यवृत्ती आणि उचलीतला तुझा वाटा येऊ दे. या खात्याला यूपीआय जोडू नकोस. ग्रामीण बँकेचं दुरुस्त केलेलं खातं यूपीआयला जोड आणि दर महिन्याला खर्चापुरती रक्कम त्यात टाक. फोन हरवला, कोणी लिंक पाठवून फसवलं, तरी जाईल ती महिन्याची रक्कम, वर्षाची नाही. उचल एकदम येते आणि पट्टा पडेपर्यंत पुन्हा काही येत नाही, हे तुझ्या घरचं गणित तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यातला निम्मा भाग दोन-तीन महिन्यांच्या मुदत ठेवीत टाकलास तर खर्चाच्या हाताला तो लागत नाही, अडीअडचणीला मोडताही येतो. दोन खाती पुरेत. तिसरं कोणी फुकट दिलं तरी नको.

एक छोटी सूचना, कारण होस्टेलच्या मुलींकडं घरच्या जुन्या पासबुकांची चित्रं फोनमध्ये असतात. आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, त्यावरून टिपू नकोस. आमच्या पिढीची 'हैदराबाद बँक' (स्टेट बँक ऑफ हैदराबाद) १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली आणि मराठवाडाभरच्या शाखांचे कोड बदलले. ग्रामीण बँकेचंही आता विलीनीकरण झालंय. ताजं पासबुक छापून घे आणि त्यावरचाच कोड दे.

आणि 'कर्ज लागलं तर बँकेशी आधीपासून ओळख हवी' असं कोणी म्हणालं तर फार मनावर घेऊ नकोस. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, आणि अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करता येतो.

आता कामाला लाग, पण क्रमाने. आधी सीडिंग स्टेटस बघ. तिथं सिमवाल्या बँकेचं नाव निघालं तर त्या बँकेच्या ग्राहक केंद्रात आधार घेऊन जा, खातं क्रमांक आणि उतारा माग, शिष्यवृत्तीची तारीख उताऱ्यात शोध. वापरलं नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं असेल तर घाबरू नकोस. दोन वर्षं व्यवहार नसला की बँक तसं करते, केवायसी दिली की ते फुकट चालू होतं, आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावायला १ एप्रिल २०२४ पासून मनाई आहे. पैसे आवारातल्या नव्या खात्यात वळव, मॅपिंग नव्या बँकेकडं आल्याचं संकेतस्थळावर डोळ्यांनी बघ, आणि मगच ते जुनं खातं लेखी अर्ज देऊन बंद कर. उलट्या क्रमाने केलंस तर मधला हप्ता परत फिरेल. बँकेने टाळाटाळ केली तर लेखी तक्रार दे, पोच घे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत, आणि १४४४८ या क्रमांकावर तक्रार कशी करायची ते विचारता येतं.